बबल टी उपासाला चालते का? (इंदूरकर, जरा मत द्या)

जिरावन_जास्त
मंडळी, प्रश्न हसण्यासारखा आहे पण घरात दोन दिवस यावरून खल चालू आहे म्हणून इथे टाकतेय.

आमच्या सुदामा नगरात बबल टीचा (म्हणजे तळाशी चिवट गोळ्या घातलेला गार चहा) एक छोटुसा कॅफे आहे. चार टेबलं, एक तरुण नवरा-बायको चालवतात. आमची मनू (अकरावी) तिथली परमनंट मेंबर. तिच्यामुळे मलाही नाद लागला, आता शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी तिकडेच. माझी ऑर्डर ठरलेली, ब्राउन शुगर मिल्क टी, साखर ३० टक्के, बर्फ कमी. तो मुलगा आता विचारतही नाही, आम्ही पायरी चढलो की शेकर हातात घेतो.

तर गेल्या शनिवारी सासूबाई म्हणाल्या मीही येते, बघू तरी काय पिता ते. वय ७४. ग्लासच्या तोंडावर प्लास्टिकचा पापुद्रा ताणून बसवलेला, मनूने त्यात ती जाडी स्ट्रॉ फट्कन खुपसली तशा आई दचकून मागे सरकल्या. मग एक घोट घेतला. पहिली गोळी स्ट्रॉमधून वर आली ती त्यांनी जिभेवर फिरवली, डोळे मिटले, बराच वेळ चावत राहिल्या. आम्ही दोघी श्वास रोखून. आणि मग म्हणाल्या, "अगं, हा तर साबुदाणा!"

मनूने फोन काढून दाखवलं की हो आजी, टॅपिओकाच आहे. त्यावर आई शांतपणे म्हणाल्या, "मग एकादशीला चालेल की."

आता मला सांगा. साबुदाणा चालतो. दूध चालतं. साखर चालते. चहा तर आपल्याकडे निर्जळीवाले सोडून सगळेच पितात. मग अडलं कुठे? आषाढी पुढच्या आठवड्यात आहे.

तात्या_छप्पन
चालते. पुढचा प्रश्न.

काकू_कडक
तात्या, तुमच्याकडे उपासाला कचोरीसुद्धा चालते.

तात्या_छप्पन
फलाहारी कचोरी!! आत बटाटा असतो!!

मावळतीचा_मास्तर
माझा मुद्दा उपासाचा नाहीच. चहा प्यायची वस्तू आहे, चावायची नाही. एकशे ऐंशी रुपये देऊन थंडगार चहा प्यायचा आणि त्यात घशाशी गोळ्या यायच्या, यात आनंद कोणता? इंदूरमध्ये प्यायला शिकंजी आहे. गार चहा आम्ही फेकून द्यायचो.

पोहे_आठ_वाजता
मास्तर, माफ करा पण खरं सांगा, चहात टोस्ट बुडवताना तो तुटून तळाला गेला की तुम्ही काय करता? चमच्याने काढून खाता ना? शेवटचा गाळ म्हणून आवडीने खाता ना? झाली तुमची बबल टी. आपण सगळे शंभर वर्षं चहा चावूनच राह्यलो, फक्त ग्लासला झाकण नव्हतं. आणि शिकंजीचं म्हणाल तर इंदूरची शिकंजी म्हणजे कुठे लिंबूपाणी, ती तर रबडीसारखी दाट, सुका मेवा घातलेली, बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदा बघून म्हणतो हे काय आहे. ती पण चमच्यानेच खावी लागते.

मावळतीचा_मास्तर
टोस्टचा मुद्दा मान्य. शिकंजीचा मान्य नाही.

नळीतला_मोती
धागा वाचून आलो. मी वीस वर्षांचा आहे, भंवरकुव्याला कोचिंग करतो, बबल टी हा माझा एकमेव ऐश आहे भिया. टेस्ट सिरीजमध्ये मार्क चांगले आले की तारो (अरवीच्या चवीचा), वाईट आले की डबल बोबा, म्हणजे गोळ्या दुप्पट. सध्या डबल बोबाच चालू आहे.

सांजवात
@नळीतला_मोती हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही, पण अभ्यास कर रे बाळा.

तो "बोबा" शब्द मात्र इंदूरमध्ये जोरात उच्चारू नये असं माझं मत आहे. मी मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं "चला बोबा प्यायला", माझी मालवी शेजारीण पंधरा मिनिटं हसत होती, मालवीत तो बायकांच्या छातीचा शब्द.

बडोद्याची_मामी
अगं बडोद्यातही हसतात! आमच्या अलकापुरीत पाटी बघून माझे मिस्टर म्हणाले हे दुकान सभ्य आहे ना.

पुस्तकी_झुरळ
गंमत म्हणजे चिनी बोलीतही त्या शब्दाचा अर्थ तोच आहे. हो, तोच. मोठ्या गोळ्यांना गमतीत ते नाव पडलं आणि चिकटलं. तेव्हा मालवी शेजारणीचं चुकलेलं नाही, उलट तिला तैवानी उत्तम कळतं.

आता विषय निघालाच आहे तर थोडं. हे पेय तैवानचं, १९८० च्या दशकातलं. दोन दुकानं हक्क सांगतात. ताइचुंग गावच्या चुन शुई तांगचं म्हणणं, आमच्या एका बाईने मीटिंगमध्ये बसल्या बसल्या स्वतःच्या गार चहात टॅपिओकाच्या गोळ्या ओतल्या. ताइनानच्या हानलिनचं म्हणणं, आमच्या मालकाला बाजारात त्या पांढऱ्या गोळ्या दिसल्या आणि त्यानेच पहिल्यांदा चहात टाकल्या. दोघे कोर्टात गेले. दहा वर्षं केस चालली आणि २०१९ मध्ये निकाल काय, तर ही काही पेटंट घेण्यासारखी वस्तू नाही, कोणीही बनवू शकतो, तेव्हा पहिला कोण हे ठरवायची गरजच नाही.

आणि "बबल" म्हणजे गोळ्या नाहीत बरं का. चहा शेकरमध्ये जोरात हलवला की वर फेस येतो, मूळ नाव त्या फेसाचं.

तात्या_छप्पन
दहा वर्षं केस आणि निकाल "कोणीही बनवा". आमच्या वाड्याची केस पण याच कोर्टात द्यायला हवी होती.

काकू_कडक
विषयावर या. उपासाला मी नाही म्हणेन. का ते ऐका. साबुदाणा म्हणजे साबुदाणा, तो आपण किराण्यातून आणतो, धुतो, भिजवतो. त्या गोळ्या कुठून येतात, कशात शिजवतात, त्याच भांड्यात आणखी काय उकळतं, माहीत नाही. आणि त्या काळ्या का असतात? साबुदाणा काळा असतो का?

पुस्तकी_झुरळ
काळा रंग ब्राउन शुगरचा किंवा कॅरमेलचा, मुळात गोळी पांढरीच. पीठ तेच, कसाव्याच्या कंदाचं. आपला साबुदाणा येतो तो मुख्यतः तमिळनाडूत सेलमकडून. कंद सोलून किसतात, दूध काढतात, हौदात ते निवळलं की तळाशी स्टार्च बसतो, मग तो ओलसर असतानाच कापडाच्या झोळीत घालून हलवतात की दाणे वळतात, नंतर भाजून किंवा वाफवून वाळवायचे. बोबामध्ये दाणा मोठा आणि त्यात साखर मळलेली, एवढाच फरक.

आणि काकू, "आपला" साबुदाणा म्हणताय तर एक सांगतो, रागावू नका. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांमुळे भारतात आला. त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८० च्या दशकात लोकांना तो लावायला लावला. सेलमचा उद्योग तर दुसऱ्या महायुद्धात उभा राहिला, कारण तिकडे मलायाकडून येणारा माल बंद पडला. म्हणजे तुमच्या आजीच्या आजीने साबुदाण्याची खिचडी खाल्ली असेल तर ती परदेशी मालाची.

काकू_कडक
बरं मग.

पुस्तकी_झुरळ
मग बटाटा, शेंगदाणा, रताळं, हिरवी मिरची. सगळे अमेरिकेतून आलेले. उपासाच्या ताटात जुनी माणसं म्हणजे फक्त वरी, जिरं आणि तूप. तैवानवाल्यांना एवढं अडवायचं कारण नाही.

काकू_कडक
आमच्याकडे जिरंही चालत नाही.

मावळतीचा_मास्तर
आता कोथिंबिरीवर येऊ नका कृपया. मागच्या नवरात्रात त्या एका विषयावर २१० प्रतिसाद झाले होते आणि दोन जण धागा सोडून गेले ते अजून आले नाहीत.

कुकरची_शिट्टी
मी घरी करून बघितलं आहे म्हणून लिहिते. जिरावन ताई, तुमच्या सासूबाईंना हवं असेल तर हेच करा, शंकाच नको.

पहिला प्रयत्न आधी सांगते म्हणजे तुम्ही तो करणार नाही. मी आपला नेहमीचा साबुदाणा भिजवून उकळला आणि गार दुधाच्या चहात टाकला. खीर झाली. चहाची खीर. मुलांनी चमचा मागितला आणि नवरा म्हणाला यात वेलदोडा घाल.

दुसऱ्यांदा मात्र नीट. साबुदाणा कोरडाच मिक्सरला बारीक केला, मैद्याच्या चाळणीने चाळला. पाऊण वाटी पिठाला गुळाचं पाणी लागतं ते अगदी उकळतं हवं, गार पाण्यात ते पीठ मळलंच जात नाही, मुठीत धरलं की घट्ट आणि मूठ उघडली की पातळ होऊन बोटांतून ओघळतं, मुलं अर्धा तास तेच खेळत होती. उकळत्या पाण्याने भाजत भाजत मळायचं, मऊ गोळा होतो. त्याच्या वाटाण्यापेक्षा लहान गोळ्या वळायच्या (शिजल्यावर फुगतात, मी आधी वाटाण्याएवढ्या केल्या त्या स्ट्रॉत अडकल्या). भरपूर उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं, मग गॅस बंद करून झाकून तेवढाच वेळ. आतला पांढरा ठिपका गेला की झालं. मग गुळाच्या दाट पाकात सोडायच्या.

दोन चुका टाळा. गुळाचा पाक गरम असताना दूध घालू नका, फाटतं. सगळं गार करूनच एकत्र करा. आणि उरलेल्या गोळ्या फ्रिजमध्ये ठेवू नका, सकाळी त्यांचे खडे होतात. माझ्या मुलाने त्या गलोलीला वापरल्या.

नळीतला_मोती
म्हणूनच कॅफेवाले रात्री उरलेला माल फेकून देतात, आमच्या इथला मालक म्हणतो चार तासांनंतर गोळी मरते. मी एकदा रात्री साडेदहाला गेलो तर म्हणाला घेऊ नको, आता त्यात मजा नाही. धंदा सोडून खरं बोलणारा माणूस, तेव्हापासून मी तिथलाच.

जिरावन_जास्त
@कुकरची_शिट्टी वाचून दाखवलं आईंना. म्हणाल्या एवढं करण्यापेक्षा खिचडी करते.

तात्या_छप्पन
खिचडी!! आता आलात मुद्द्यावर. सराफ्यात रात्री दहानंतर, सोन्याची दुकानं बंद झाली की जी खिचडी मिळते तिच्यापुढे तैवान काय अन् काय. खाली पाणी उकळतंय, वर वाफेवर साबुदाणा मोकळा मोकळा फुललेला, मागितली की तो त्यात मसाला, लिंबू, फलाहारी मिक्श्चर, चिप्स घालून एका हाताने हलवून देतो. कच्च्या तेलाचा थेंब नाही. पुण्याच्या व्याह्यांना खाऊ घातली तर म्हणाले यावर शेव काय, हे उपासाला चालतं का. म्हटलं इंदूरमध्ये शेव नसेल तर उपास लागू होत नाही.

सांजवात
खरं आहे, पुण्याची खिचडी तुपात परतलेली आणि आपली वाफेची, दोन वेगळे पदार्थच आहेत ते. माहेर पुणं, सासर रामबाग, मी दोन्ही करते आणि दोन्हीकडून बोलणी खाते.

डॉ_गोड_बंद
डॉक्टर म्हणून तोंड घालतो. उपासाचा निर्णय तुमच्या देवाचा, पण गोळी म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च, ती परत साखरेच्या पाकात मुरवलेली. "साखर ३० टक्के" म्हणता ती फक्त चहाची, गोळीतली त्यात मोजलेली नसते. डायबिटीस असेल तर दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी हा ग्लास घेणं म्हणजे साखरेचा झोका. तात्यांची खिचडीही त्याच वर्गात, उगाच हसू नका.

आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना तर देऊच नका. जाड स्ट्रॉने जोरात ओढलं की गोळी सरळ घशात जाते.

पोहे_आठ_वाजता
डॉक्टरांचं दुसरं म्हणणं गांभीर्याने घ्या. माझ्या भाच्याच्या बाबतीत झालंय. पठ्ठ्याने गाल आत ओढून जी ताकद लावली, गोळी गेली घशात, डोळे पांढरे. ताईने पालथा घालून पाठीवर थापटलं तेव्हा ती टप्पकन फरशीवर पडली. पुढचे दोन मिनिटं कॅफेत कोणीच बोललं नाही. मग भाचा म्हणाला, "अजून एक."

बडोद्याची_मामी
बाई गं. आमच्याकडे ते फुटणारे असतात ना, चावलं की आतून लिचीचा रस येतो, ते मुलांना बरे का मग?

पुस्तकी_झुरळ
लहानांना तेही नकोत, गोळी ती गोळीच. पण ते टॅपिओका नव्हेत. समुद्री शेवाळातून काढलेलं अल्जिनेट रसात मिसळतात आणि थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडतात, बाहेरून पातळ साल धरते, आत रस तसाच.

काकू_कडक
शेवाळ! बघा. म्हणून म्हणते काय काय घातलंय ते विचारा.

मावळतीचा_मास्तर
एक कबुली देतो. नात काल घेऊन गेली. जास्मिन टी मागवला, बिनदुधाचा. पहिल्या तीन घोटांत गोळी आलीच नाही, मला वाटलं विसरला. चौथ्याला तीन एकदम आल्या. तोंडात काय चाललंय ते कळेना. सुपारी फोडून खायची जुनी सवय सुटून दहा वर्षं झाली, दाढांना काही कामच नव्हतं, त्यांना बरं वाटलं असावं. ग्लास संपला तरी तळाशी आठ-दहा गोळ्या राहिल्या, त्या काढायला नातीने स्ट्रॉ तिरकी करून कोपऱ्यात कशी न्यायची ते शिकवलं. पाऊण तास बसलो होतो. तिने कॉलेजातलं काय काय सांगितलं, घरी ती एवढं बोलत नाही.

किंमत जास्तच आहे, हे मत कायम.

सांजवात
मास्तर ❤

नळीतला_मोती
मास्तर पुढच्या वेळी भंवरकुव्याला या, स्टुडंट डिस्काउंट मिळवून देतो.

जिरावन_जास्त
अपडेट. काल आषाढी झाली.

सकाळी पंढरीनाथाच्या देवळात जाऊन आलो, गर्दी मरणाची. संध्याकाळी आईच म्हणाल्या, चल त्या मुलाकडे. गेलो. आईंनी त्याला सरळ विचारलं, बेटा, इसमें क्या क्या है. तो बिचारा आत जाऊन गोळ्यांचं पाकीट आणि दुधाच्या पावडरीचा डबा दोन्ही घेऊन आला. मनूने वाचून दाखवलं. गोळ्यांत टॅपिओका स्टार्च, पाणी, कॅरमेल रंग, आणखी दोन-तीन नंबरवाली नावं. आई मान डोलवत होत्या. पावडरीच्या डब्यावर मात्र ग्लुकोज सिरप, पाम तेल, असं बरंच काही आणि शेवटी बारीक अक्षरात दुधाचा काहीतरी अंश. आई म्हणाल्या, "म्हणजे साबुदाणा खरा आणि दूध खोटं?" त्या मुलाचा चेहरा बघवेना. तो म्हणाला आंटी आप के लिये असली दूध डाल देता हूँ, बाजूच्या डेअरीतून घेऊन येतो.

आई म्हणाल्या आज नको, उद्या. उपासाचं ठरवायचं आणि तुला पळवायचं, दोन्ही एका दिवशी नको.

म्हणून आज द्वादशीला जेवण झाल्यावर दुपारी परत गेलो. त्याने खरंच दूध आणून ठेवलं होतं. आईंनी अख्खा ग्लास संपवला. मग त्याला म्हणाल्या, गोळी आणखी पाच मिनिटं शिजव, मध्ये कणी आहे. तो हसला, पण त्याच्या बायकोने आतून एक गोळी कापून बघितली आणि म्हणाली, कणी आहे.

काकू_कडक
शाब्बास. दूध खोटं निघालं की नाही?

तात्या_छप्पन
कणी ओळखणारी माणसं आता राहिली नाहीत भिया. त्यांना सराफ्यात न्या.

कुकरची_शिट्टी
मी लिहिलं होतं ना, पांढरा ठिपका!

जिरावन_जास्त
एक राहिलं. आईंनी स्ट्रॉ घरी आणलीय. कागदाची आहे, आत एक गोळी अडकलेली. ही ओल्या कचऱ्यात की सुक्यात? त्या डब्यांसमोर उभ्या आहेत आणि कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू येऊन राह्यलंय.

पोहे_आठ_वाजता
गोळी काढा, ओल्यात. स्ट्रॉ सुक्यात.

मावळतीचा_मास्तर
भिजलेला कागद ओल्यातच जातो.

काकू_कडक
सुक्यात.

जिरावन_जास्त
गाडी गेली.